गॅदरिंगच्या पैशात घोळ दिसला तर अर्ज कुठे करायचा, आणि बोललात म्हणून कॉलेजने त्रास दिला तर काय

आमच्याकडे एका वर्षी गॅदरिंग झालं एकच दिवस आणि मांडवाचं बिल लागलं दोन दिवसांचं. माझी मैत्रीण विद्यार्थी परिषदेत होती, तिने बिलाचा फोटो काढून थेट स्टेटसला टाकला, आणि चौकशी बिलाची व्हायची ती तिचीच सुरू झाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, आधी अर्ज, मग पोस्ट.

पहिला अर्ज प्राचार्यांच्या नावाने, साध्या कागदावर. त्यात बिल नंबर, तारीख, रक्कम लिहा, पण ‘पैसे खाल्ले’ असं नका लिहू, ‘कार्यक्रम एक दिवसाचा असताना भाडं दोन दिवसांचं का दिलं’ असं विचारा. दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का नि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, क्लार्क घेत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. योग्य अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार बदनामी धरली जात नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येच तसा अपवाद आहे.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. भारताचा कुठलाही नागरिक करू शकतो आणि माहिती कशाला हवी ते सांगावं लागत नाही. बिलं, व्हाउचर, परिषदेच्या मीटिंगचं इतिवृत्त, सगळ्याच्या प्रती मागा. उत्तराला 30 दिवस, नाही मिळालं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

आता त्रासाचं. आपल्याकडे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा 2014 चा व्हिसल ब्लोअर्स कायदा आहे खरा पण तो अजून लागूच झालेला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2023 चे तक्रार निवारण नियम कामाला येतात. प्रवेश घेतलेला विद्यार्थी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाऊ शकतो, छळ आणि आकसाने दिलेला त्रास यात बसतो (पैशाचा घोळ मात्र सरळ बसत नाही, म्हणून वरचे दोन अर्ज वेगळे). सोबत आयकार्डची झेरॉक्स, आधीच्या अर्जाची शिक्क्याची प्रत, मिळालेली नोटीस, आणि स्क्रीनशॉट जोडा, पण असे की तारीख वेळ दिसली पाहिजे, नुसता कापलेला मजकूर कोणी धरत नाही.

पोस्टवरून नोटीस आली तर लेखी उत्तर द्या आणि बाजू मांडायला वेळ मागा. घाबरून माफीनाम्यावर लगेच सही करू नका, हे मी कळकळीने सांगते. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टमुळे काढून टाकलं होतं, मुंबई हायकोर्टाने तो आदेश स्थगित केला, कारण तिला म्हणणं मांडायची संधीच दिली नव्हती. राज्यघटनेचं कलम 19, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, ही नंतरची गोष्ट, आधी ऐकून घेतलं का हे बघितलं जातं.

समितीने तक्रार आल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत तुम्हालाही मिळते. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करायचं, म्हणून निर्णयाचा कागद हातात आला की त्यावर त्याच दिवशी तारीख टाकून ठेवा.