प्रीऑर्डर, ॲडव्हान्स आणि चुकून लागलेली किंमत : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा गेम जाहीर झाला की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "बुकिंग सुरू झालं का?" दुसरा प्रश्न हल्ली वरचेवर ऐकू येतो. "एका साइटवर हाच गेम पाचशेत दिसतोय. ऑर्डर टाकली तर त्यांना द्यावाच लागेल ना?" दोन्ही प्रश्न तुमच्या पैशांचे आहेत. आमच्याकडे येणाऱ्यांत कॉलेजची मुलं पुष्कळ, आणि एका गेमसाठी चार-पाच महिने पैसे साठवणारेही खूप. ते पैसे चुकीच्या समजुतीपायी अडकू नयेत, यासाठी हे पत्रक काढलं आहे.

प्रीऑर्डर कधी करावी

प्रीऑर्डर म्हणजे माल बाजारात येण्याआधी आपला नग राखून ठेवणं. माल कमी आणि मागणी जास्त असेल तेव्हा त्याचा खरा उपयोग. प्लेस्टेशन ५ चं उदाहरण अनेकांच्या लक्षात असेल. भारतात त्याचं बुकिंग १२ जानेवारी २०२१ रोजी उघडलं, यंत्र २ फेब्रुवारीला आलं. डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्क न लागणाऱ्या डिजिटलची ३९,९९०. बुकिंग काही मिनिटांत संपलं आणि ज्यांचं हुकलं त्यांना पुढे पुष्कळ वाट पाहावी लागली. तिथे आगाऊ बुकिंग करणाऱ्याचा फायदाच झाला.

साध्या डिस्कचं तसं नसतं. नेहमीची एडिशन पहिल्या आठवड्यात सहसा मिळतेच. पहिल्याच दिवशी खेळायचं असेल किंवा कलेक्टर्स एडिशन हवी असेल, तर जरूर बुक करा. नाहीतर थांबा, लोक खेळून काय सांगतात ते ऐका आणि मग घ्या. दुकानदार असूनही आम्ही हे सांगतो, कारण 'सायबरपंक २०७७'च्या वेळी काय झालं ते आमच्या डोळ्यांसमोर आहे. १६ एप्रिल २०२० ही त्याची पहिली तारीख. ती आधी सप्टेंबरवर गेली, मग १९ नोव्हेंबरवर आणि शेवटी गेम आला १० डिसेंबरला. जुन्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या जुन्या यंत्रांवर, तो इतका अडखळत होता की आठवडाभरातच प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला आणि तिथल्या ग्राहकांना पैसे परत देऊ केले. त्याच वेळी डिस्कचं सील फोडून बसलेल्यांची मात्र अडचण झाली. म्हणून तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्सचं काय होणार, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यायला हवं.

किंमत चुकते कशी

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की चुकीची किंमत हा गिऱ्हाईक ओढण्याचा डाव आहे. कधी कधी तो असतोही. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. गेम जाहीर होतो तेव्हा आयात करणाऱ्या कंपनीने एमआरपी ठरवलेली नसते. दुकानाच्या सॉफ्टवेअरला मात्र किंमतीचा रकाना रिकामा चालत नाही. मग कोणी तिथे १ टाकतं, कोणी ९९,९९९. खरी किंमत आली की तो आकडा बदलायचा असतो आणि नेमका तोच राहून जातो.

दुसरा गोंधळ प्लॅटफॉर्मचा, म्हणजे गेम कोणत्या यंत्रासाठी आहे त्याचा. डिस्ट्रिब्युटरची यादी येते तेव्हा एकाच गेमच्या ओळी एकाखाली एक असतात : पीएस ४ (प्लेस्टेशन ४), पीएस ५, एक्सबॉक्स, त्याखाली स्पेशल एडिशन. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' २०२२ मध्ये आला तेव्हा त्याची पीएस ४ ची प्रत ३,९९९ रुपयांना होती आणि पीएस ५ ची ४,९९९ ला. एक ओळ वरखाली झाली की हजार रुपयांचा फरक पडतो. शेवटचा ९ टाइप करायचा राहिला तर ४,९९९ चे ४९९ होतात. हे दोन्ही प्रकार दिसायला सारखे असले तरी कायद्याच्या नजरेत त्यांत मोठं अंतर आहे. ते आता पाहू.

लावलेली किंमत हे वचन असतं का?

बहुतेकांचा समज असा की लेबलवर किंवा स्क्रीनवर दिसलेल्या किंमतीला दुकानदार बांधील आहेच. तो पूर्ण खरा नाही. करार होण्यासाठी एकाने प्रस्ताव मांडावा लागतो आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा लागतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच पायावर उभा आहे. काचेआड लावलेली किंमत म्हणजे अजून प्रस्ताव नव्हे, ते प्रस्ताव मांडण्याचं निमंत्रण. इंग्लंडमधल्या बूट्स या औषध-दुकानांच्या खटल्यात १९५३ साली हे स्पष्ट झालं आणि आपल्याकडेही हेच तत्त्व मानलं जातं. तुम्ही डिस्क काउंटरवर आणून पैसे पुढे करता तो प्रस्ताव, आणि आम्ही ते घेऊन बिल फाडतो तो स्वीकार.

ऑनलाइन खरेदीत हा स्वीकाराचा क्षण ओळखणं अवघड जातं, म्हणून आलेला ईमेल नीट वाचा. 'तुमची ऑर्डर मिळाली' एवढंच लिहिलेलं असेल तर ती फक्त पोच आहे. 'ऑर्डर स्वीकारली' असं लिहिलं असेल तर दुकानाने शब्द दिला. २००२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये कोडॅकच्या साइटवर ३२९ पौंडांचा कॅमेरा संच १०० पौंडांना लागला होता. कंपनीने आधी नकार दिला, पण तिच्या ईमेलमध्येच ऑर्डर पक्की झाल्याची भाषा होती. शेवटी ग्राहकांना १०० पौंडांतच कॅमेरे मिळाले.

करार झाल्यावर "आमची चूक झाली" एवढं म्हणून दुकानदाराला सुटता येत नाही. करार कायद्याचं कलम २२ सांगतं की केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, एवढ्यावरून करार रद्द करण्याजोगा ठरत नाही. ग्राहकाच्या बाजूचा हा महत्त्वाचा आधार आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

पण ग्राहकालाही एक गोष्ट लागू होते. किंमत चुकीची आहे हे तुम्हाला दिसत होतं, किंवा कोणालाही दिसलं असतं, तर न्यायालय तुमच्या बाजूने उभं राहीलच असं नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण सिंगापूरचं. जानेवारी २००३ मध्ये डिजिलँडमॉल या साइटवर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला लागला. प्रशिक्षण चालू असताना एका कर्मचाऱ्याकडून तो आकडा चुकून खऱ्या साइटवर चढला होता. सहा जणांनी मिळून रातोरात १,६०६ प्रिंटर मागवले. साइटने आपोआप कन्फर्मेशनचे ईमेलही पाठवले. तरी ते खटला हरले, २००४ मध्ये उच्च न्यायालयात आणि २००५ मध्ये अपिलातही. त्यांचे आपसातले मेसेज न्यायालयापुढे आले होते, आणि काहींनी ऑर्डर देण्याआधी खरी किंमत इंटरनेटवर शोधलेली होती. चूक माहीत असताना तिचा फायदा उठवणं म्हणजे करार नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ.

आता आपल्याकडचं. एका विद्यार्थ्याने २०१४ मध्ये २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांच्या ऑफरमध्ये मागवला. मोठ्या ऑनलाइन कंपनीने ऑर्डर घेतली आणि थोड्याच वेळात रद्द केली. ओडिशाच्या राज्य ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये कंपनीला भरपाई, दंडात्मक रक्कम आणि खर्च मिळून ४५,००० रुपये द्यायला लावले. सिंगापूरचे सहा जण हरले आणि हा विद्यार्थी जिंकला, हे परस्परविरोधी वाटेल. पण त्याने एकच लॅपटॉप मागवला होता, स्वतःच्या अभ्यासासाठी. शिवाय सेलच्या जाहिरातींचा मारा कंपन्याच करतात. अविश्वसनीय सवलतींवर विश्वास ठेवायला लोकांना त्यांनीच शिकवलं, तर मग फक्त ग्राहकानेच शंका घ्यावी ही अपेक्षा आम्हाला न्याय्य वाटत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये किंमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. द्यायचा इरादा नसताना कमी किंमतीचं आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंधनं घातली आहेत. मात्र पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही. दहा कन्सोल उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आमच्या दुकानात काय होतं

बुकिंगच्या पावतीवर गेमचं नाव, प्लॅटफॉर्म, एडिशन आणि ॲडव्हान्सची रक्कम असते. त्याखाली दोनपैकी एक शिक्का असतो. 'किंमत पक्की' असेल तर पुढे एमआरपी वाढली तरी तुम्हाला त्याच किंमतीत गेम मिळतो, आणि एमआरपी कमी लागली तर फरक आम्ही परत देतो. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं कायद्याने चालत नाही, मग बुकिंग कितीचंही असो. 'किंमत अंदाजे' असेल तर खरी किंमत कळताच आम्ही फोन करतो. ती तुम्हाला परवडत नसेल तर पूर्ण ॲडव्हान्स परत, काहीही कापून न घेता. तारीख पुढे गेली तरी हेच. जीटीए ६ या गेमची तारीख आधी २०२५ वरून २६ मे २०२६ वर गेली आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ वर. इतका काळ कोणाचे पैसे आमच्याकडे पडून राहावेत असं आम्हाला वाटत नाही. म्हणून लांबच्या गेमसाठी आम्ही फक्त नाव लिहून घेतो, पैसे नाही.

आमच्या साइटवर चुकीची किंमत लागली, तुमची ऑर्डर स्वीकारली गेली आणि पैसेही घेतले गेले, तर आम्ही आधी फरक पाहतो. पीएस ५ च्या प्रतीला पीएस ४ ची किंमत लागली असेल, तर ती सवलत आहे असं कोणालाही वाटू शकतं. तो फरक आम्ही सोसतो आणि डिस्क पाठवतो. पण अजून बाजारात न आलेल्या ४,९९९ च्या गेमला ४९९ लागले असतील, तर आम्ही माल पाठवत नाही. कारण लिहून कळवतो, पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात पाठवतो आणि खऱ्या किंमतीला हवा असेल तर रांगेतला तुमचा क्रमांक तसाच ठेवतो. एका डिस्कमागे दुकानाला जे सुटतं ते थोडकं असतं. अशा वीस ऑर्डरी पुऱ्या केल्या तर महिन्याचं भाडं निघत नाही. कोडवाले डिजिटल गेम, म्हणजे डिस्कऐवजी कोड देऊन विकले जाणारे, मात्र वेगळे. कोड एकदा तुमच्या हाती गेला की तो आम्ही परत मागत नाही, किंमत आमच्याकडून कितीही चुकलेली असो.

दुसरीकडे बुकिंग करताना

ऑर्डर टाकल्याबरोबर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. किंमत, वेळ आणि पानाचा पत्ता तिन्ही त्यात दिसायला हवेत. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार, दुकान स्वतः ऑर्डर रद्द करताना तेवढाच भुर्दंड सोसत नसेल, तर तुमच्याकडूनही ते कॅन्सलेशन चार्ज घेऊ शकत नाही. सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायलाही, काही अपवाद सोडले तर, नकार देता येत नाही. तक्रार केली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं त्याच नियमात आहे. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रीऑर्डर केलेल्या गेमचे पैसे तो रिलीज होईपर्यंत कधीही परत मागता येतात. रिलीजनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच.

दुकान दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतही बोलता येतं. तिथेही मार्ग निघाला नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावणं सक्तीचं नाही. मुदत दोन वर्षांची. अर्ज कसा भरायचा हे समजत नसेल तर पावती आणि स्क्रीनशॉट घेऊन आमच्याकडे या. गेम दुसरीकडून घेतला असला तरी आम्ही बसून भरून देऊ.