मुलांसाठी मिनी गोल्फचे मैदान: सातारा-सांगलीत परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

रस्त्यालगतची पाऊण एकर जागा, तिथे नऊ किंवा अठरा होलचे छोटे गोल्फ मैदान, आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी मुलांना घेऊन यावे, तासभर खेळून जावे. बेत चांगला आहे, पण अर्ज गेला की त्रुटीपत्र परत येते. आराखडा सहसा चुकलेला नसतो. एकतर अर्जात वापराचे नाव भलतेच लिहिलेले असते, नाहीतर सातबाऱ्यावरचा शेरा कोणी नीट वाचलेला नसतो. ही दोन्ही कामे वास्तुविशारदाला पहिला हप्ता देण्याआधी करायची आहेत.

वापराचे नाव

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 पासून लागू आहे. तिच्यात शेती विभागात, म्हणजे नकाशावर शेतीसाठी राखलेल्या झोनमध्ये, परवानगी घेऊन करता येणाऱ्या वापरांची यादी आहे. त्या यादीत गोल्फ कोर्स आहे, 'आवश्यक सुरक्षा उपायांसह' या अटीवर. त्याच यादीत अम्युझमेंट पार्क वेगळा आहे आणि त्याला सलग एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, जागा लागते. अर्जदार काय करतात? फलक आकर्षक दिसावा म्हणून अर्जातच 'फन पार्क', 'किड्स अम्युझमेंट झोन' असे लिहून मोकळे होतात. तीस गुंठ्यांवर असा अर्ज केला की तो क्षेत्राच्या अटीवरच बाद होतो. फलकावर नंतर हवे ते नाव द्या, पण अर्जात साधे लिहा: 'लहान मुलांसाठी गोल्फ कोर्स (मिनी गोल्फ), खुल्या जागेत, यांत्रिक खेळणी नाहीत'. आणि ते खरे असू द्या. नकाशाच्या कोपऱ्यात 'भविष्यातील पाळणा' किंवा 'ट्रॅम्पोलिन' दाखवून ठेवू नका. तेवढ्या एका चौकटीने अख्खा अर्ज दुसऱ्या रकान्यात जाऊन पडतो.

मिनी गोल्फ म्हणजे काय हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक असेल असे धरून चालू नका. अर्जासोबत एक पानी तांत्रिक टिपण जोडा. त्यात लिहा की यात फक्त पटर (चेंडू ढकलायची काठी) वापरतात, चेंडू जमिनीवरून घरंगळतो, उडत नाही. प्रत्येक होलसाठी एक पट्टी असते; काँक्रीटच्या प्रमाणित पट्टीची लांबी 12 मीटर आणि रुंदी 1.25 मीटर असते. अठरा पट्ट्या मिळून जेमतेम 270 चौरस मीटर होतात. पायवाटा, सावलीची झाडे, बसायची जागा धरूनही वीस गुंठ्यांत मैदान ऐसपैस बसते. टिपणाच्या शेवटी तिकीटघर आणि स्वच्छतागृह मिळून पक्के बांधकाम किती चौरस मीटर आहे तो आकडा द्या.

चेंडू उडवायचा छोटा कोर्स करायचा असेल, म्हणजे चाळीस ते नव्वद मीटरचे होल, तर हिशेबच वेगळा. नऊ होलांना तीन-चार एकर लागतात आणि 'सुरक्षा उपाय' ही अट मग खरोखर अंगावर येते. गोल्फचा चेंडू 45.93 ग्रॅमपर्यंत वजनाचा आणि दगडासारखा टणक असतो. तो शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला लागला तर काय होईल हे सांगायला नको. त्यामुळे नकाशावर प्रत्येक होलची मारण्याची दिशा बाणाने दाखवा. जाळीची जागा आणि उंची, रस्त्यापासून व शेजाऱ्याच्या बांधापासूनचे अंतर आकड्यांत लिहा. 'सुरक्षा उपाय केले जातील' या वाक्यावर कोणीही सही करत नाही, आणि करूही नये.

जागा कोणत्या नियमावलीत येते

सातारा नगरपरिषद, कराड, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका आणि बहुतेक ग्रामीण भागाला वरची नियमावली लागू आहे. पण गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेले पर्यावरण संवेदनशील क्षेत्र तिच्यातून वगळलेले आहे. सहलीच्या धंद्याच्या ओढीने जे महाबळेश्वर-पाचगणीकडे जागा घेतात, ते इथेच फसतात. 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने महाबळेश्वर तालुका, आणि त्यासोबत जावळी तालुक्यातील बोंडारवाडी, भुतेघर, दानवली, तळोशी व उंबरी ही गावे संवेदनशील क्षेत्रात आली. तिथे वेगळी प्रादेशिक योजना, वेगळे निकष आणि वर सनियंत्रण समिती आहे. वाई तालुक्यातल्या मित्राला मिळालेल्या मंजुरीची झेरॉक्स तिथे दाखवून उपयोग होत नाही. एजंट 'करून देतो' म्हणाला तरी आधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. दोन्ही कागद तुमच्या गट नंबरचेच हवेत.

शिराळा, पाटण, जावळीच्या डोंगरी पट्ट्यात आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, सातबाऱ्यावर वनाचा शेरा आहे का आणि जागा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास येते का. दुसरी, उतार. 1:5 (पाच मीटरला एक मीटर) पेक्षा जास्त उतारावर बांधकाम मिळत नाही. उतार सपाट करून मग अर्ज करू, ही युक्ती तर मुळीच करू नका. जुन्या समपातळी रेषांचे नकाशे कार्यालयात असतात.

सातबारा: सगळ्यात जास्त अर्ज इथे मरतात

सातबारा काढताना क्षेत्र पाहतात, नाव पाहतात आणि बंद करतात. वाचायचे असते ते भोगवटादार वर्ग आणि 'इतर हक्क'.

वर्ग-2, म्हणजे शासनाच्या अटींवर धारण केलेली जमीन, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराण्याचा, म्हणजे शासनाला भरायच्या रकमेचा, प्रश्न येतो. आपल्या दोन जिल्ह्यांत हे फार आहे. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा अशा प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांना मिळालेल्या जमिनी, कूळकायद्याने मिळालेल्या जमिनी, इनाम-वतनाच्या जमिनी. 'तीस वर्षे आम्हीच कसतोय' हे खरे असते, पण त्याने वर्ग बदलत नाही. सिंचन योजनेच्या लाभक्षेत्राचा किंवा पुनर्वसनाचा शेरा असेल तर त्या खात्याचा लेखी अभिप्राय आधी मिळवा, कारण नंतर त्याच एका कागदासाठी सहा-सहा महिने फाइल पडून राहते.

दुसरी अडचण नावांची. सातबाऱ्यावर मयत आजोबांचे नाव तसेच असते, किंवा वारस नोंद झालेली असते आणि आत्या-बहिणींची नावे लागलेली असतात. सामाईक गटात एकट्याच्या सहीने अर्ज चालत नाही, सगळ्या सहधारकांचे संमतीपत्र लागते. वारस नोंद राहिली असेल तर ती आजच घाला. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतींसाठी 15 दिवस थांबावे लागते, ते काही केल्या कमी होत नाहीत. आणि बहिणींकडून संमतीपत्र घेताना ते 'हक्कसोड' नाही, फक्त संमती आहे, हे त्यांना वाचून दाखवा. या एका कागदावरून घरात कायमचे अबोले होतात.

जागा भाड्याने घेणार असाल तर अकरा महिन्यांचा करार पुढे करू नका. कायमस्वरूपी बांधकामाच्या परवानगीला मुदतीचा, नोंदणीकृत भाडेपट्टा लागतो आणि त्यात 'गोल्फ मैदानासाठी' असा उल्लेख लागतो.

जो कागद कोणाकडेच नसतो: पोहोच रस्ता

मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयातून पैसे भरून मिळते, वेळ लागतो पण मिळते. पोहोच रस्त्याचा पुरावा मात्र बहुतेकांकडे नसतो. बांधावरून गाडी जाते, पिढ्यानपिढ्या जाते, म्हणून रस्ता आहे असे सगळे समजतात. नकाशावर तो नसतो.

मग तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली रस्ता मागितला जातो, आदेशही मिळतो, आणि तो अर्जाला जोडला जातो. तो चालत नाही. कलम 143 चा रस्ता शेत कसणाऱ्याला शेतात जाण्यासाठी असतो, तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांसाठी नसतो. ज्याच्या गटातून रस्ता जातो त्याच्याकडून वहिवाटीचा नोंदणीकृत दस्त करून घ्यावा लागतो, नकाशासह, रुंदी मीटरमध्ये लिहून. यासाठी शेजाऱ्याला मैदान सुरू झाल्यावर नव्हे, आधी भेटा. जागा राज्यमार्गाला किंवा पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून असेल तर थेट प्रवेशासाठी रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या यंत्रणेची परवानगी वेगळी. बिल्डिंग लाइन आणि कंट्रोल लाइन, म्हणजे रस्त्यापासून बांधकाम किती दूर ठेवायचे त्या रेषा, नकाशावर आखा आणि तिकीटघर त्यांच्या मागे घ्या.

नदीकाठ आणि पूररेषा

कृष्णाकाठची जागा मैदानाला गोड वाटते. हिरवळ आयती, पाणी जवळ. 2019 साली सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हापासून पूररेषेबाबत कार्यालये कडक आहेत आणि ते योग्यच आहे. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, खेळाचे मैदान असे खुले वापर बसतात, पण बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम मिळते आणि जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर घ्यावे लागते.

म्हणजे पट्ट्या खाली आणि तिकीटघर, स्वच्छतागृह, साहित्याची खोली वर, अशी मांडणी जमू शकते. बिघडते कुठे, तर भरावात. मिनी गोल्फला चढ-उतार, टेकाडे, वळणे हवीत म्हणून नकाशात सव्वा मीटरचे मातीचे उंचवटे दाखवले जातात. निषिद्ध क्षेत्रात भराव म्हणजे पुराच्या पाण्याला अडथळा, आणि अर्ज तिथेच फेटाळला जातो. काठावर सपाट पट्ट्या करा, वळण लाकडी कडांनी द्या, सुटे अडथळे ठेवा आणि पावसाळ्यात उचलून न्या.

मुदतींचे गैरसमज

'साठ दिवस झाले, आता परवानगी आपोआप मिळाली' हे वाक्य चहाच्या टपरीवर फार ऐकू येते. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 45 मध्ये साठ दिवस आहेत, पण कार्यालयाने त्रुटी काढली असेल तर ते तुम्ही पूर्तता दिल्याच्या तारखेपासून मोजले जातात. शिवाय आराखडा नियमांत तंतोतंत बसत असला तरच ती मानीव परवानगी ठरते. या भरवशावर काँक्रीट ओतू नका.

नामंजुरीविरुद्ध कलम 47 खाली शासनाकडे अपील करायला 40 दिवस आहेत. नामंजुरीचे पत्र ज्या दिवशी हाती पडले त्याचा पुरावा, म्हणजे पाकीट किंवा ऑनलाइन नोंदीची छापील प्रत, जपून ठेवा. अपिलाच्या नादात नवा अर्ज करायला विसरू नका. चूक आपलीच असेल तर दुरुस्त करून नवा अर्ज करणे बहुधा लवकर होते.

परवानगी मिळाली की एक वर्षात काम सुरू करायचे. नाहीतर दरवर्षी मुदतवाढ मागायची, तीही एकूण तीन वर्षांच्या आत.

अकृषिक वापराबाबत विचार न करता चलन भरू नका. अंतिम विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना असलेल्या भागात, योजनेत नेमलेल्या वापरासाठी स्वतंत्र अकृषिक परवानगी लागत नाही. पण शेती विभागात गोल्फ हा अटींवर चालणारा वापर आहे, नेमलेला नाही. तुमच्या प्रकरणाला सध्या कोणती तरतूद लावतात, हे तहसील कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. काउंटरवरच्या तोंडी उत्तराला कोणी बांधील नसते.

उरलेले परवाने

कृषी पर्यटन केंद्र म्हणून पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी असेल तर उत्तम, पण ती बांधकामाची परवानगी नव्हे. ग्रामपंचायतीचा ना हरकत ठरावही नव्हे. तिकीट लावून करमणूक म्हटली की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खालील परवान्याची चौकशी जिल्हादंडाधिकारी कार्यालयात करा. खाण्याचा स्टॉल असेल तर अन्न परवाना, झाडे काढायची असतील तर आधी परवानगी.

मुरूम बाहेरून आणणार असाल तर वाहतूक पास प्रत्येक खेपेला मागा. संहितेच्या कलम 48(7) खाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो, आणि तो जागेच्या मालकावरही येतो, फक्त डंपरवाल्यावर नाही.

हिरवळीला शेतीपंपाचे पाणी सोडू नका. शेतीच्या जोडणीवर व्यवसाय चालवला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. मैदानासाठी व्यावसायिक जोडणी आधीच मागा. जत, आटपाडी, माण, खटावकडे तर कृत्रिम हिरवळच घ्या, दर पट्टीला शंभरास एक इतका उतार द्या आणि होलच्या कपाखाली खडीचा खड्डा काढा, नाहीतर पहिल्याच वळवात कप तुंबतात.

पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड घालून आत मैदान करणार असाल, तर अग्निशमन ना हरकतीशिवाय एक दिवसही उघडू नका. मे 2024 मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली, तिथे ते ना हरकत पत्र नव्हते आणि मृतांत लहान मुले होती. शेडला समोरासमोर दोन दारे, बाहेर उघडणारी, आणि छताला थर्माकोल किंवा फोमचे अस्तर नको.

शेवटचा कागद हमखास विसरतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 44 खाली अकृषिक परवानगी घेतली असेल तर अकृषिक वापर ज्या तारखेला सुरू केला ती तारीख 30 दिवसांच्या आत गावच्या तलाठ्यामार्फत, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांमार्फत, तहसीलदारांना लेखी कळवायची असते. साधे पत्र, दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या आणि ती परवानगीच्या आदेशालाच टाचून ठेवा.