सापेक्ष सामर्थ्य आलेख

एखादा शेअर किंवा एखाद्या उद्योगक्षेत्राचा निर्देशांक दुसऱ्या शेअरच्या अथवा एकंदर बाजाराच्या मानाने कसा चालला आहे, हे दाखवणारा आलेख. भाव चढला की उतरला हे तो सांगत नाही. बाजाराच्या पुढे की मागे, एवढेच सांगतो. भारतात तुलनेसाठी सहसा राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी 50 हा पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक घेतात आणि बँका, माहिती तंत्रज्ञान, औषधनिर्मिती, वाहने, धातू अशा क्षेत्रांचे निर्देशांक त्याच्याशी ताडून पाहतात.

आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही तुलना दोन तऱ्हांनी होते. पहिल्या तऱ्हेत एका ठरावीक दिवशी सगळ्या रेषा शून्यावर आणून तिथून पुढची टक्केवारी काढतात. दुसरीत एका भावाला दुसऱ्याने भागून गुणोत्तराची एकच रेषा काढतात. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये दोन नावांच्या मध्ये भागाकाराची तिरपी रेघ दिली की ती उमटते, तर अ‍ॅमीब्रोकरमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. टक्केवारीचा आलेख नजरेला सोपा वाटतो, पण तो कोणत्या दिवसापासून सुरू केला यावर त्याचे उत्तर अवलंबून असते, आणि नवखे अभ्यासक नेमके इथेच फसतात.

2020 सालचे उदाहरण पाहू. 31 डिसेंबर 2019 रोजी निफ्टी सुमारे 12,170 वर आणि बँक निफ्टी, म्हणजे बँकांच्या शेअरचा निर्देशांक, सुमारे 32,160 वर बंद झाला. कोविडच्या धास्तीने 23 मार्च 2020 रोजी निफ्टी एका दिवसात जवळजवळ 13 टक्के कोसळला, तेव्हा हे आकडे 7,610 व 16,920 च्या आसपास आले. वर्षअखेरीस ते सुमारे 13,980 व 31,260 झाले. आलेख वर्षारंभापासून काढला तर निफ्टी 15 टक्के वर आणि बँक निफ्टी 3 टक्के खाली दिसतो. तोच आलेख 23 मार्चपासून काढला तर निफ्टीची वाढ 84 टक्के आणि बँकांची 85 टक्के भरते, म्हणजे बँका किंचित पुढेच दिसतात. बँक निफ्टी भागिले निफ्टी या गुणोत्तराची रेषा मात्र वर्षारंभी 2.64, 23 मार्चला 2.22 आणि वर्षअखेरीस 2.24 वर असते: बँकांनी मार्चपर्यंत गमावलेली जागा वर्षअखेरीसही परत मिळवलेली नव्हती. सुरुवातीची तारीख बदलली तरी या रेषेचा आकार बदलत नाही, म्हणून क्षेत्रांच्या तुलनेसाठी तीच अधिक भरवशाची मानावी.

गुणोत्तर वाढले म्हणजे पैसे वाढले असे नव्हे. त्याच मार्चमध्ये औषधनिर्मिती कंपन्यांचा निर्देशांकही पडला, पण निफ्टीपेक्षा कमी पडल्यामुळे त्याची रेषा चढत होती. ती पाहून शेअर घेणाऱ्याचा त्या दिवसांत तोटाच झाला असता. शिवाय निफ्टीत बँकांचा भार मोठा असल्याने बँक निफ्टीला निफ्टीने भागताना बँकांची तुलना काही अंशी स्वतःशीच होते आणि खरे अंतर थोडे कमी दिसते.

नावातील साम्यामुळे ही संकल्पना आरएसआयशी (रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स, म्हणजे सापेक्ष सामर्थ्य निर्देशांक) गल्लत करून वाचली जाते. जे. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला आरएसआय एकाच शेअरच्या चढत्या व उतरत्या दिवसांची आपापसांत तुलना करतो. त्यात दुसरा शेअर किंवा निर्देशांक येतच नाही.

आलेखाची विश्वासार्हता शेवटी भावांच्या नोंदींवर ठरते. शेअर बाजार रोज संध्याकाळी प्रसिद्ध करतो त्या भावकॉपीत त्या दिवशीचे प्रत्यक्ष भाव असतात. पुढे बोनस किंवा शेअर विभाजन झाले म्हणून जुन्या भावकॉपी बदलत नाहीत. एकास एक बोनसनंतर, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर मोफत मिळाल्यावर, भाव साधारण निम्मा होतो, भागधारकाच्या मालमत्तेत मात्र फरक पडत नाही. भावकॉपी थेट सॉफ्टवेअरमध्ये भरून मागचे भाव निम्मे केले नाहीत, तर गुणोत्तराची रेषा त्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी दिसते. लाभांशाचा परिणाम इतका ठळक नसतो, पण लाभांश सढळ हाताने देणाऱ्या कंपनीची दहा वर्षांची तुलना करताना तोही जमेस धरावा लागतो. त्यासाठी निफ्टीचा एकूण परतावा निर्देशांक वेगळा उपलब्ध आहे आणि त्याच्याशी तुलना करताना कंपनीचे भावही लाभांश धरून जुळवून घेतलेले असावे लागतात.