पर्पेच्युअल कॅलेंडर

महिन्यांचे कमीजास्त दिवस आणि लीप वर्षही सांभाळून तारीख आपोआप बदलणारी यांत्रिक घड्याळातील रचना. साधे तारखेचे घड्याळ प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच धरते, म्हणून वर्षातून पाच वेळा ते हाताने जुळवावे लागते.

टॉमस मज या इंग्रज कारागिराने १७६२च्या सुमारास ही रचना खिशातल्या घड्याळात आणली. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीने १८९८मध्ये गळ्यात घालायच्या घड्याळासाठी केलेले असे यंत्र १९२५मध्ये मनगटी घड्याळात बसवले. मनगटावरचे हे पहिले पर्पेच्युअल कॅलेंडर.

या घड्याळाची सारी स्मृती एका लहानशा चकतीच्या कडेवर कोरलेली असते. पारंपरिक रचनेत ती चकती चार वर्षांत एक फेरा घेते आणि तिच्या परिघावर ४८ महिन्यांच्या ४८ जागा असतात. ३१ दिवसांच्या २८ महिन्यांना कड अखंड, ३० दिवसांच्या १६ महिन्यांना उथळ खाच, तीन फेब्रुवारींना सर्वांत खोल खाच आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित उथळ. एका लांब तरफेची चोच या कडेवर टेकते. चोच जितकी खोल उतरेल, तितके जास्त दाते ती तरफ महिनाअखेरीस तारखेच्या ३१ दात्यांच्या चक्राला पुढे ढकलते. २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री चार दाते सरकतात आणि तबकडीवर १ मार्च येतो. केवळ खाचेच्या खोलीतून महिना ओळखण्याची ही युक्ती घड्याळशास्त्रातील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक मानावी लागेल.

काही रचनांत चकती १२ महिन्यांचीच असते. फेब्रुवारीच्या जागी तिच्यावर एक छोटा तुकडा बसवतात आणि तो दरवर्षी पाव फेरा वळतो.

कारागिराची खरी कसोटी मध्यरात्री लागते. तरफा उचलण्याची ताकद मुख्य स्प्रिंगमधूनच येते. तरफांवरच्या स्प्रिंगा जास्त ताठ राहिल्या, तर बॅलन्स व्हीलचा, म्हणजे घड्याळाची गती राखणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोका आखडतो. सैल राहिल्या, तर तारीख अर्धवट अडकते. त्यामुळे एकेक स्प्रिंग हाताने जुळवावी लागते.

सोबत बहुधा चंद्रकलाही असते. ५९ दात्यांचे चक्र चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरते, म्हणून सुमारे पावणेतीन वर्षांत एका दिवसाची चूक साचते. १३५ दात्यांच्या रचनेत तेवढ्याच चुकीला सुमारे १२२ वर्षे लागतात.

नावात ‘पर्पेच्युअल’ असले तरी चार वर्षांच्या चक्राला शतकाचा नियम ठाऊक नसतो: ४००ने भाग न जाणारे शतकवर्ष लीप नसते. २१०० हे लीप वर्ष नाही, त्यामुळे १ मार्च २१०० रोजी बहुतेक घड्याळे हाताने दुरुस्त करावी लागतील. आयडब्ल्यूसी या स्विस घड्याळ कंपनीने २०२४मध्ये ४०० वर्षांत एकच फेरा घेणारे चक्र बसवून ही अडचण सोडवली.

जुन्या पद्धतीत पेटीच्या कडेला दडवलेली बटणे टोकदार काडीने दाबून तारीख, वार, महिना वेगवेगळे जुळवतात. मध्यरात्रीच्या आसपास हे कधीही करू नये. तरफा त्या वेळी चक्रांत गुंतलेल्या असतात आणि दाता मोडू शकतो. आयडब्ल्यूसीच्या कुर्ट क्लाउस यांनी १९८५च्या ‘दा विंची’ या घड्याळात हे सारे कडेच्या एका चावीवर (क्राउनवर) आणले. मात्र तारीख चुकून पुढे गेली, तर ती मागे घेता येत नाही. घड्याळ थांबवून तो दिवस उजाडेपर्यंत वाट पाहावी लागते.