मधल्या फळीला माणसं का कमी पडतात?

2020-21 च्या फुटबॉल मोसमात मधल्या फळीतला खेळाडू, म्हणजे मिडफिल्डर, पेद्री हा बार्सिलोना क्लब आणि स्पेनचा राष्ट्रीय संघ मिळून 73 सामने खेळला. वय अवघं 18. युरोचा (युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेचा) उपांत्य सामना 6 जुलैला झाला आणि 22 जुलैला हा पोरगा ऑलिम्पिकच्या पहिल्या सामन्यात पुन्हा मैदानात! पुढच्या मोसमात मांडीच्या स्नायूने दगा दिला, तोही एकदा नव्हे. याला निव्वळ दुर्दैव म्हणायला मी तयार नाही.

मिडफिल्डर एका सामन्यात साधारण 11 ते 12 किलोमीटर पळतो, बहुतेक वेळा संघात सर्वांत जास्त. पण दमवतं ते अंतर नव्हे. थांबणं, वळणं, धक्का खाऊन पुन्हा वेग पकडणं यात खरा कस लागतो. त्यासाठी लागणारं इंधन म्हणजे स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन. डेन्मार्कच्या संशोधकांनी सामन्याआधी आणि नंतर खेळाडूंच्या मांडीतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सामना संपताना जवळपास निम्म्या स्नायूतंतूंमधलं ग्लायकोजेन संपलेलं किंवा संपत आलेलं दिसलं. हा साठा पूर्ववत व्हायला, खाणंपिणं नीट असूनही, 48 ते 72 तास लागतात. स्नायूंना बारीक इजा झालेली असेल तर भरण आणखी मंदावतं. बुधवारी रात्री सामना आणि शनिवारी दुपारी पुन्हा सामना, म्हणजे तीन दिवससुद्धा पुरते मिळत नाहीत. तेव्हा मधल्या फळीतल्या तीन जागांसाठी पाच-सहा तयार माणसं हवीत.

मग घ्या की विकत! पैसा असेल तर घेताही येतात, पण या जागेचं मुख्य कौशल्य पायात नाही, मानेत आहे. नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेच्या, खेळाडूंच्या चित्रफिती बघून, चेंडू पायाशी येण्याआधी कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो हे मोजलं. मिडफिल्डर फ्रँक लँपार्ड त्यात आघाडीवर होता: सेकंदाला सरासरी 0.6 वेळा. जे जास्त बघत होते, त्यांचे पासही जास्त अचूक पडत होते. चेंडू येईपर्यंत मेंदूत नकाशा तयार असेल, तर पहिल्या स्पर्शातच सुटका होते. हे व्यायामशाळेत येत नाही. समोर खरा प्रतिस्पर्धी आणि अपुरी जागा असेल तरच मान वळायची सवय लागते, आणि त्याला वर्षं लागतात.

गंमत म्हणजे, ही सवय ज्या मुलांना सर्वांत आधी लागण्याची शक्यता, तीच अनेकदा अकादमीतून, म्हणजे क्लबच्या मुलांसाठीच्या प्रशिक्षण केंद्रातून, बाहेर पडतात. तेरा-चौदाच्या वयात एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत काही वर्षांचं अंतर असू शकतं. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसरा अजून पोरच. दांडगा मुलगा धक्का मारून चेंडू काढून घेतो आणि निवडला जातो. किरकोळ मुलाला धक्का लागायच्या आत चेंडू सोडावा लागतो, म्हणून तो आधी बघायला शिकतो. बार्सिलोनाचे नामवंत मिडफिल्डर झावी आणि इनिएस्ता मोठेपणीही 170 सेंटिमीटरच्या आसपासच राहिले. ताकदीवर निवड करणाऱ्या एखाद्या प्रशिक्षकाने त्यांना सहज घरी धाडलं असतं. इंग्लंडच्या काही अकादम्यांनी यावर उपाय म्हणून जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. त्यात लवकर वाढलेल्या मुलांनाही फायदा झाला, कारण नुसत्या ताकदीवर निभावणं बंद झालं.

एवढं करून तयार झालेल्या पोराला खरी मिनिटं कुठे मिळणार, हा प्रश्न उरतोच. 2020 पासून पाच बदली खेळाडू उतरवता येतात. ही सवलत तरुण मिडफिल्डरसाठीच आहे असं मला वाटतं, पण बरेच प्रशिक्षक ती आघाडी टिकवायला अनुभवी माणसं उतरवण्यात खर्च करतात. राखीव संघ असलेल्या क्लबांचं बरं चालतं. मिडफिल्डर सर्जिओ बुस्केट्स 2007-08 मध्ये बार्सिलोनाच्या ‘ब’ म्हणजे राखीव संघातून स्पेनच्या चौथ्या श्रेणीत खेळत होता, त्या संघाचा प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला. मे 2009 मध्ये रोमला चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, अंतिम सामना आला तेव्हा बार्सिलोनाच्या मुख्य संघाच्या बचाव फळीत माणसं उरली नव्हती. मधल्या फळीतल्या याया तुरेला मागे खेचावं लागलं आणि त्याच्या जागी 20 वर्षांचा बुस्केट्स पहिल्या मिनिटापासून उतरला. बार्सिलोनाने मँचेस्टर युनायटेडला 2-0 असं हरवलं.