ब्लॅकलेटर (गॉथिक सुलेखन टंक)

रुंद टोकाच्या लेखणीने काढलेल्या मध्ययुगीन युरोपीय अक्षरवळणावर बेतलेला रोमन लिपीचा टंकप्रकार. आज तो प्रामुख्याने शीर्षके, प्रमाणपत्रे आणि नावाच्या पाट्यांसाठी वापरतात. जाड उभ्या दांड्या, गोलाईऐवजी मोडलेले कोन आणि भरजरी कॅपिटल अक्षरे ही त्याची ओळख. संगणकातल्या फॉन्टच्या नावावरून सातारा-सांगलीकडचे रेडियमवाले त्याला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात.

बाराव्या शतकात उत्तर युरोपात विद्यापीठांबरोबर ग्रंथांची मागणी वाढली. अक्षरे अरुंद आणि दाट लिहिली की महागडे चर्मपत्र वाचे. जर्मन मुद्रक गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या ४२ ओळींच्या बायबलचे खिळे (छपाईचे धातूचे ठसे) याच घराण्यातल्या ‘टेक्सचुरा’ वळणाचे होते. इटलीने लवकरच ‘रोमन’ नावाचे गोलाईदार वळण पत्करले. जर्मनीत मात्र ‘फ्राक्टुर’ हा त्याचा भाऊबंद सुमारे चारशे वर्षे रोजच्या वाचनात राहिला. नाझींनी आधी तो मिरवला आणि १९४१ मध्ये ‘ज्यूंची अक्षरे’ म्हणून बंद केला. तेव्हा या वळणावर सरसकट नाझी शिक्का मारणे चुकीचे ठरते.

त्याची गोची वाचनात आहे. आय, एन, एम, यू ही लहान लिपीतली अक्षरे एकाच दांडीच्या पुनरावृत्तीतून बनतात. ‘मिनिमम’ (minimum) हा शब्द या वळणात लिहिला तर ओळीने पंधरा सारख्या दांड्या उभ्या राहतात. ‘आय’वरची खूण रूढ झाली ती याच गोंधळामुळे. कॅपिटल अक्षर शब्दाच्या आरंभी एकटेच शोभते. संपूर्ण नाव कॅपिटलमध्ये टाकण्याची आपल्याकडची हौस मात्र या टंकाला मारक आहे: बुलेटच्या टाकीवरचे ‘राजे’ मग मालकालाच वाचता येते. एमएच-१० किंवा एमएच-११ च्या नंबरप्लेटवर तर हे वळण चालतच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणी क्रमांकासाठी नक्षीदार अक्षरांना वाव नाही.

देवनागरीत हा थाट आणताना नुसती टोके अणकुचीदार करून भागत नाही. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर बसतात, आपली शिरोरेषेला टांगलेली असतात. शिवाय देवनागरीसाठी बोरूची तिरकी छाट रोमनच्या उलट दिशेने घेतात, त्यामुळे जाड-बारीकपणा वेगळ्या जागी पडतो. कॅपिटल-लहान असा भेद नसल्याने शब्दाचा दिमाखदार आरंभही हाती येत नाही. बोरूचा कोन धरून गोलाई मोडली आणि शिरोरेषा अखंड ठेवली, तर ‘पाटील’सारखा उभ्या दांड्यांचा शब्द छान उतरतो; ‘ळ’ आणि ‘ह’ मात्र ओढूनताणून बसवावे लागतात. रेडियम कापताना केसाएवढ्या बारीक रेषा पट्टी सोलतानाच उचकटतात, म्हणून लहान अक्षरांत त्या जाड कराव्या लागतात किंवा काढून टाकाव्या लागतात.