क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग

ओव्हरहॉलिंगसाठी उघडलेल्या इंजिनातील क्रँकशाफ्टची (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याची) झिजलेली जर्नल्स, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, घासून पुन्हा गोल, समांतर व गुळगुळीत करण्याचे काम. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपांना ते परिचयाचे आहे. उसाचे ट्रॅक्टर-ट्रक गळीत हंगामात उभे करणे परवडत नाही, म्हणून त्यांचे इंजिनकाम शक्यतो पावसाळ्यात उरकले जाते.

जर्नल सर्व बाजूंनी सारखे झिजत नाही. मायक्रोमीटरने एकाच जागी काटकोनात दोन मापे घेतली की ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) कळते, दोन्ही टोकांना मापले की टेपर (निमुळतेपणा). शाफ्ट व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने बाक पाहतात. तडा आहे का, हे मॅग्नेटिक तपासणीत दिसते. तडा गेलेला शाफ्ट घासण्यात अर्थ नाही.

शाफ्टच्या मुख्य अक्षावरची मेन जर्नल घासणे त्या मानाने सोपे. क्रँकपिन, म्हणजे कनेक्टिंग रॉड बसतो ते जर्नल, मध्यापासून बाजूला असते, त्यामुळे ऑफसेट चकवर पिनचा अक्ष मशीनच्या अक्षावर आणावा लागतो. मग अख्खा शाफ्ट तिच्याभोवती फिरतो. व्यास ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिलिमीटरने कमी करून त्याच अंडरसाइजचे बेअरिंग बसवतात. कारागिरांच्या बोलीत हेच दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). सगळ्या पिना एकाच मापाच्या ठेवतात, कारण बेअरिंगचा सेट एका मापाचा मिळतो.

गिऱ्हाईक बहुतेकदा ‘किती थाऊ?’ एवढेच विचारते. खरी परीक्षा कोपऱ्यातल्या रेडियसची. जर्नल आणि वेब (जर्नलांना जोडणारा आडवा भाग) जिथे मिळतात तिथली गोलाई, ग्राइंडिंगचे चाक चुकीचे ड्रेस केल्याने (त्याच्या कडेला चुकीचा आकार दिल्याने) धारदार झाली, तर ताण तिथेच एकवटतो आणि माप बिनचूक असूनही शाफ्ट पुढे त्याच जागी तुटू शकतो. कूलंट कमी पडले तर पृष्ठभाग जळून बारीक तडे जातात. नायट्रायडिंगचा (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून केलेला) कठीण थर पातळ असतो. तो घासून निघाल्यास पुन्हा नायट्रायडिंग करावे लागते. इंडक्शन हार्डनिंगचा (विजेने पृष्ठभाग तापवून झटकन थंड करून केलेला) थर बराच खोल असतो.

शेवटी तेलाच्या छिद्रांच्या कडा मारून पॉलिश करतात. ओतीव लोखंडाच्या शाफ्टला घासताना बारीक कुसे उठतात, म्हणून त्याचे पॉलिश इंजिन फिरण्याच्या दिशेलाच धरून करतात. नंतर प्लग काढून आतल्या तेलवाटा ब्रशने धुणे अत्यावश्यक. आत राहिलेली ग्राइंडिंगची भुकटी तेलाबरोबर थेट नव्या बेअरिंगमध्ये जाते. जोडणीत प्लास्टिगेजची (दाबली की पसरणाऱ्या मऊ प्लास्टिकची) पट्टी दाबून जर्नल आणि बेअरिंगमधली तेलाची फट तपासतात. ती साधारणपणे व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ६० मिलिमीटरच्या जर्नलला सुमारे ०.०६ मिलिमीटर भरते. नेमकी मर्यादा इंजिनाच्या मॅन्युअलमधलीच पाळावी.